यंत्र बंद पडण्याआधी काय सांगते?

तोडणी यंत्र, ट्रॅक्टर व मालमोटारींच्या देखभालीविषयी थोडेसे
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते, धनज गट



हंगाम तोंडावर आला की आपल्या गटात बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि ऊस नोंदी यांवर पुष्कळ बोलणे होते. तोडणी-वाहतुकीच्या यंत्रांवर मात्र ती बंद पडल्यावरच बोलणे होते, आणि तेही चढ्या आवाजात. म्हणून या अंकात पिकाचा विषय बाजूला ठेवून यंत्रांच्या देखभालीविषयी लिहिण्याचा हा लेखप्रपंच. विषय नवा आहे, त्यातले काही शब्दही नवे आहेत. पण ज्याने एकदा ट्रॅक्टर चालवला आहे त्याला समजायला अवघड जाऊ नये.

धनज परिसरातला ऊस सलग नाही. इकडे मुख्य पीक सोयाबीन, तूर आणि कपाशी. ज्याच्या विहिरीला किंवा धरणाच्या पाण्याला जोर, त्याचाच ऊस. एक प्लॉट इथे तर दुसरा पाच-सात किलोमीटर पलीकडे. जमीन काळी, खोल; दिवाळीच्या सुमारास एखादा पाऊस पडला की चाके रुततात. अशा वावरात यंत्र बिघडले तर गावातला मिस्त्री नांगराचे, रोटाव्हेटरचे काम उत्तम करतो, परंतु संगणकावर चालणाऱ्या इंजिनाला कंपनीचाच माणूस लागतो. तो अमरावती-अकोल्याहून, नाहीतर त्याहूनही लांबून येतो. पहिल्या फेरीत येऊन बघतो आणि भाग मागवतो, दुसऱ्या फेरीत तो भाग बसवतो. बसवायला तास-दोन तास लागतात. दिवस जातात ते या दोन फेऱ्यांच्या मधे. हे ध्यानात ठेवा, पुढचे बहुतेक सगळे यावरच आहे.

तीन दिवसांचा हिशेब

मजुरांच्या टोळ्या दरवर्षी कमी पडू लागल्या आणि तोडणी यंत्रांकडे सगळ्यांचेच लक्ष गेले. २०२३ मध्ये राज्य शासनाने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० यंत्रांसाठी अनुदान जाहीर केले. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, जे कमी असेल ते. यावरून यंत्राची किंमत किती असेल याचा अंदाज येतो. बाकीची रक्कम कर्जाची. समजा ६० लाखांचे कर्ज आहे आणि व्याज ११ टक्के. वर्षाचे व्याज झाले ६ लाख ६० हजार. हंगाम ११० दिवस चालला असे धरले, तर यंत्र चालो वा न चालो, हंगामातल्या प्रत्येक दिवसाच्या डोक्यावर ६ हजार रुपये नुसते व्याज बसते. तीन दिवस यंत्र उभे राहिले की १८ हजार गेले. ड्रायव्हरचा पगार, उभे राहिलेले इनफिल्डर आणि त्यांचे ट्रॅक्टर वेगळेच.

हे झाले यंत्रमालकाचे. ज्याच्या वावरात यंत्र बंद पडले त्या सभासदाचे काय? तोडणी यंत्र उसाचे वीतभर लांबीचे तुकडे करते. सात फुटांच्या अखंड उसाला दोन तोंडे असतात. त्याचेच नऊ-दहा तुकडे झाले की अठरा-वीस तोंडे झाली. प्रत्येक तोंडातून पाणी उडते आणि जिवाणू आत शिरतात. ते साखर फोडतात व डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, त्याने पुढे कारखान्यात रस निवळायलाही त्रास होतो. म्हणून तुकड्यांचा ऊस तोडल्यापासून जितक्या लवकर गव्हाणीत पडेल तितका बरा. २४ तास म्हणजे अगदी शेवटची हद्द. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. शंभर टनांत एक टक्का वजन वाळून गेले तर तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीच ३,५५० रुपये गेले. अर्धवट तोडलेल्या प्लॉटमध्ये खोडव्याचे पाणी आणि खत लांबते ते निराळे. त्यामुळे "यंत्र माझे नाही, मला काय त्याचे" असे म्हणून कोणाही सभासदाचे भागत नाही.

यंत्रातून मोबाइलपर्यंत

जुना ड्रायव्हर कानाने यंत्र ओळखायचा. आवाज बदलला, धूर काळा आला, की तो थांबायचा. ती विद्या आजही हवी. पण आता यंत्राच्या आतच मोजमाप करणारी साधने असतात, त्यांना सेन्सर म्हणतात. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर म्हणजे एक बारीकशी गोळी असते. ती तापली की तिच्यातून वीज जास्त सहज वाहते, तेवढ्यावरून इंजिनाचा संगणक उष्णता ओळखतो. तसाच एक सेन्सर तेलाच्या दाबाला, एक हवेच्या फिल्टरला, एक हायड्रोलिक तेलाला, एक फेऱ्यांना. हे सगळे आकडे दोनच तारांवरून फिरतात. ही तारांची पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली, आणि आज मोटारीपासून तोडणी यंत्रापर्यंत तीच चालते.

हे आकडे पूर्वी यंत्रातच राहत. मिस्त्री आला, त्याने आपले उपकरण जोडले, तेव्हा कळत. नवी गोष्ट एवढीच झाली की यंत्रात सिमकार्ड असलेली एक पेटी बसली. ती हे आकडे मोबाइलच्या टॉवरमार्फत कंपनीच्या संगणकाला पाठवते आणि तिथून ते मालकाच्या मोबाइलवर येतात. जपानच्या कोमात्सु कंपनीने आपल्या खोदकाम यंत्रांत अशी पेटी २००१ पासून त्यांच्या देशात मूळचीच बसवून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर दिसणाऱ्या जेसीबीला लाइव्हलिंक आहे, महिंद्राने २०१६ मध्ये डिजिसेन्स आणले, टाटांच्या मालमोटारींना फ्लीट एज आहे, जॉन डियरची जेडीलिंक आहे. ऊसतोडणी यंत्रे तर आता पुण्याजवळ चाकणलाही तयार होतात. कोणत्या यंत्रात ही सोय मूळची आहे आणि कोणत्यात जादा पैसे देऊन घ्यावी लागते, हे घेतानाच विचारून कोटेशनवर लिहून घ्यावे. तोंडी उत्तरावर जाऊ नये.

सेन्सर आता हौसेचे राहिलेले नाहीत. १ एप्रिल २०२० पासून मालमोटारींना बीएस-६ आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवे धुराचे नियम लागू झाले. या इंजिनांत डिझेल किती व केव्हा फवारायचे हे संगणकच ठरवतो. म्हणजे मोजमाप यंत्रात आहेच, त्याचे पैसेही आपण किमतीत भरलेले आहेत. ते वाचायचे की नाही, एवढेच आपल्या हातात उरले.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. गाडी कुठे आहे हे दाखवणारी पेटी वेगळी आणि गाडीची तब्येत सांगणारी वेगळी. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या प्रवासी वाहनांना जी पेटी सक्तीची झाली ती ठिकाण दाखवणारी आहे. अशी दोन-तीन हजारांची पेटी ट्रॅक्टरला लावून "आमचे सगळे ऑनलाइन आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिने ट्रॅक्टर कुठल्या ढाब्यावर उभा आहे ते कळेल, इंजिनातले तेल कळणार नाही.

एका आकड्यावर जाऊ नका

उसाची परिपक्वता आपण कशी ठरवतो? हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहतो. पण एकदाच पाहून तोड देत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहतो, शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळ आला का ते पाहतो. एकट्या १८ या आकड्याला अर्थ नाही. तो १६ वरून चढून आला की २० वरून उतरला, यात सगळा अर्थ आहे. यंत्राचेही अगदी असेच आहे.

हायड्रोलिक तेलाचे उदाहरण घ्या. तोडणी यंत्राचा जीव या तेलात आहे. बुडखा कापणारे बेसकटर, तुकडे करणारा चॉपर, पाला उडवणारा पंखा, सगळे त्याच्याच दाबावर फिरतात. तेल ऐंशी अंशांच्या वर जाऊ लागले की पातळ होते, सील कडक होऊन गळू लागतात. धोक्याचा दिवा त्याच्याही पुढे लागतो. पण समजा तशाच उसात, तशाच उन्हात, मागच्या आठवड्यात तेल ६८ अंशांवर स्थिरावत होते, या आठवड्यात ७२ वर आणि आता ७६ वर. दिवा लागलेला नाही, ड्रायव्हरला काही जाणवलेले नाही. तरी यंत्र सांगतच आहे. बहुधा कूलरच्या जाळीत पाचट आणि धूळ बसली असेल. ती हवेने झाडली की आकडा खाली येतो. जाळी साफ करूनही खाली आला नाही, तर पंप झिजू लागला आहे असा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे. पंप पुण्याहून यायचा असेल तर तो यंत्र चालू असतानाच निघतो. तो आल्यावर, कारखाना सफाईसाठी बंद असेल त्या दिवशी बसवता येतो. बंद पडल्यावर मागवला तर तेच तीन-चार दिवस आपले जातात.

तसेच गरम इंजिन मंद चालीवर असताना तेलाचा दाब महिनाभरात हळूहळू उतरत असेल, तर बेअरिंगकडे पाहायला हवे. तेवढ्याच टनाला तासाचे डिझेल वाढत असेल तर हवेचा फिल्टर किंवा बोथट ब्लेड. स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज रोज थोडा जास्त खाली जात असेल तर बॅटरी एखाद्या थंड सकाळी दगा देणार, हे आठवडाभर आधी कळते. यातल्या कशालाही मोठे शिक्षण लागत नाही. दर सोमवारी पाच मिनिटे मोबाइलवर मागच्या चार आठवड्यांची रेघ पाहायची, एवढेच. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्या; त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते, हे मी पाहिले आहे.

यंत्र आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्याला फारशी आवडत नाही. इंजिन चालू आणि काम बंद, असे तास ते वेगळे दाखवते. यंत्र फडात उभे आहे, इनफिल्डर आलेला नाही, इंजिन मात्र धडधडते आहे. मीटरवर तास पडतात, तेल जुने होते, सर्व्हिस जवळ येते, टन मात्र शून्य. असे तास जास्त दिसले तर दोष यंत्राचा नाही, आपल्या वाहतुकीच्या आखणीचा आहे आणि त्यात शेतकी खात्याचाही वाटा आहे. हा आकडा समोर असला की कोण कुठे कमी पडले यावर भांडण कमी होते.

कोड वाचायला शिका

पडद्यावर कोड आला की ड्रायव्हर त्याचा फोटो काढून पाच जणांना पाठवतो, आणि तोवर यंत्र तरी बंद ठेवतो, नाहीतर तसेच दामटतो. दोन्ही चूक. मोठ्या वाहनांत बहुतेक कंपन्या एकच ठरलेली पद्धत वापरतात. कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा कोणत्या जागेचे दुखणे ते सांगतो, एफएमआय हा आकडा काय प्रकारचे ते सांगतो. एसपीएन १०० म्हणजे इंजिन तेलाचा दाब, ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याची उष्णता, १९० म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या. आता एसपीएन ११० सोबत एफएमआय ० आला, तर पाणी खरोखरच धोक्याइतके तापले आहे, ताबडतोब थांबा. १६ आला तर तापू लागले आहे. ओझे काढा, जाळी पाहा. पण ३, ४ किंवा ५ आला तर उष्णतेचा दोष नाही, सेन्सरची वायर तुटली, चिकटली किंवा उंदराने कुरतडली आहे. तसेच एसपीएन १०० सोबत १ आला तर तेलाचा दाब धोक्याइतका कमी. त्यानंतर एक मिनिटही इंजिन चालवू नये.

काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोडही दाखवतात, त्यांचा तक्ता हातपुस्तिकेत असतो. मुद्दा असा की कंपनीच्या माणसाला फोनवर "लाल दिवा लागला" असे सांगितले तर तो रिकाम्या हाताने येतो. "एसपीएन ११०, एफएमआय ४, कालपासून तीन वेळा आला" असे सांगितले, किंवा त्याला तिथेच संगणकावर दिसले, तर तो सेन्सर आणि वायर घेऊनच निघतो. दोन फेऱ्यांची एक फेरी झाली. धनजसारख्या ठिकाणी या सगळ्या व्यवस्थेचा मोठा फायदा मला यातच दिसतो. शहरातल्या मालकाला दुसरी फेरी म्हणजे दोन तास. आपल्याला ती दोन दिवस पडते.

बीएस-६ मालमोटारींबाबत एक इशारा देतो. त्यांत डिझेलशिवाय एक वेगळे द्रावण भरावे लागते, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. ते संपले किंवा त्यात भेसळ असली की सेन्सर ओळखतो आणि गाडीची ताकद कमी करतो. "युरियाच ना, घरी पोतं आहे" म्हणून कोणी खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून भरू नये. आपला खताचा युरिया २०१५ पासून निमकोटेड आहे, बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. दोन्हींनी धुराची नळकांडी आणि इंजेक्टर निकामी होतात आणि खर्च लाखात जातो. शिवाय अनुदानाचे खत असे वापरणे कायद्याने गुन्हा आहे.

सेन्सरला न दिसणारे

मोबाइलवर सगळे हिरवे दिसते म्हणून ग्रीसची पिचकारी खाली ठेवू नका. बेसकटरचे ब्लेड झिजले, एखादा बोल्ट ढिला झाला, पिनेत ग्रीस नाही, इंजिनाभोवती कोरडे पाचट साठले, यातले काहीही पेटीला कळत नाही. पाचटाचे तर विशेष सांगतो. गरम सायलेन्सरजवळ साठलेले पाचट आणि वर गळणारे तेल, यांतून यंत्र पेटते. दर पाळीच्या शेवटी हवेने यंत्र झाडलेच पाहिजे.

आणि आपला निम्म्याहून जास्त ऊस ज्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर जातो, त्यांच्या ट्रॉल्यांना कसला सेन्सर आणि कसली पेटी! तिथे हात हाच सेन्सर. खेप टाकून आल्यावर चारही हबच्या जवळ हात न्यावा. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचे बेअरिंग जाणार. हजार-दीड हजारांत लांबून उष्णता मोजणारे पिस्तूल मिळते, त्याने आकडा लिहूनही ठेवता येतो. मात्र २०२० मध्ये करोनाच्या वेळी कपाळावर धरायचे ते पिस्तूल यासाठी चालत नाही; ते माणसाच्या तापापुरतेच मोजते. कारखान्यात वापरतात तसे, दोन-तीनशे अंशांपर्यंत मोजणारे मागावे.

जुना ट्रॅक्टर असेल तरी तासांचा मीटर असतोच. शंभर पानी वहीत रोज तास, डिझेल, तेल किती घातले आणि काय वेगळे वाटले, एवढे लिहा. तेल तारखेवर बदलू नये, तासांवर बदलावे. हंगामात ट्रॅक्टर दिवसाला सोळा-सोळा तास चालतो, तिथे "तीन महिन्यांनी" या हिशेबाला काही अर्थ नाही. काढलेल्या तेलाचा नमुना तपासून घेण्याचीही सोय आहे. त्यात सिलिका जास्त निघाली तर फिल्टरमधून धूळ आत जात आहे, तांबे वाढले तर बेअरिंगची झीज.

नोंद कोणाची?

यंत्र आपले, वावर आपले, कर्ज आपले, पण आकडे कंपनीच्या संगणकावर. यात मला थोडी काळजी वाटते. पहिली काही वर्षे सेवा किमतीत धरलेली असते, पुढे वर्गणी भरावी लागते. ती थकली की मोबाइलवरची रेघ बंद होते, यंत्रातून माहिती मात्र बाहेर जात राहू शकते. काही यंत्रांत दुरून इंजिन बंद करण्याची सोयही असते. ती कोणाच्या हातात आहे, हप्ता चुकला तर कोण वापरू शकतो, हे करारात वाचून घ्यावे. "हमी काळात तुमच्याच चालवण्याने बिघाड झाला" असे सांगायला हेच आकडे पुढे केले जातात. मग तेच आकडे आपल्याही हातात हवेत. दर महिन्याची नोंद छापून किंवा मोबाइलमध्ये उतरवून ठेवणे हा साधा उपाय आहे.

यंत्रमालक सभासदांना माझी सूचना अशी की, आपल्या यंत्राची माहिती कारखान्याच्या शेतकी खात्यालाही दिसेल अशी परवानगी द्यावी. ठिकाण, चालू तास आणि बिघाडाचा इशारा, एवढीच. डिझेलचा आणि पैशाचा हिशेब आपल्याकडेच ठेवावा. यंत्र कुरकुरू लागले हे चिटबॉयला आदल्या दिवशी कळले तर तो नवा प्लॉट उघडणार नाही, तोडीचा क्रम टोळीकडे वळवेल, आणि कोणाचा ऊस अर्धा तुटून पडून राहणार नाही. वावरात नेटवर्क नसले तर पेटी आकडे साठवून ठेवते आणि रस्त्यावर आल्यावर पाठवते, म्हणजे इशारा उशिरा पोचतो. अशा ठिकाणी ड्रायव्हरनेच पडद्यावरचा कोड लिहून चिटबॉयकडे द्यावा.

शेवटी जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी. हंगाम संपला की वापरलेली यंत्रे आणि ट्रॅक्टर विकायला निघतात. रंग नवा, टायर नवे, मीटर "फक्त" अमुक तास. विकणाऱ्याला म्हणावे, दादा, यंत्राची पहिल्यापासूनची नोंद आमच्यासमोर मोबाइलवर उघडा. मीटर बदलता येतो. कंपनीच्या संगणकावर रोजचे तास, किती वेळा इंजिन तापले, सर्व्हिस कधी झाली, हे पडून असते. ते दाखवायला जो तयार नसेल त्याच्याशी भाव करण्याआधी मिस्त्रीला सोबत नेऊन तेलाचा नमुना घ्यावा.